वाऱ्याचा स्क्रू

आमच्या बाबांनी एक शब्द बरीच वर्षं शिवीसारखा वापरला. तो शब्द म्हणजे इंजेक्शन. डॉक्टरचं नव्हे, गाडीचं. कार्बोरेटर नसलेली, पेट्रोल विजेच्या हुकमाने फवारणारी एखादी परदेशी गाडी चुकून गॅरेजच्या दारात आली, की ते म्हणायचे, "जिला विंजेक्शन लागतंय ती गाडी आजारीच हाय." मग मालकाला चहा पाजायचे आणि गोड बोलून परत पाठवायचे.

गॅरेज माजिवड्याला होतं, हायवेच्या कडेला. पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायचा एक खड्डा, तेलाने काळं झालेलं एक बाकडं. बाबा चेंदणी कोळीवाड्यातले. आजोबांचं आयुष्य खाडीत होडीवर गेलं, बाबांचं इंजिनांत. त्यांच्याकडे मोजायचं म्हणून एकही यंत्र नव्हतं. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू ते कानाने लावायचे. इंजिन चालू ठेवून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, डोळे मिटलेले, आणि कुणी मध्ये बोललं तर त्याची खैर नाही. मग स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, आणि बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे जमलं. भिवंडी-कल्याणहून लोक फक्त त्या पाव फेऱ्यासाठी यायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. गॅरेजमध्ये वाढले, पण इंजिनाला हात लावायची परवानगी मला कधी मिळाली नाही. "हात काले करू नको," एवढंच. त्या रागाने मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, असं म्हटलं तरी खोटं नाही. रागाने केलेल्या गोष्टींची माझी यादी मोठी आहे. लग्नानंतर डोंबिवलीला राहायला गेले आणि तिथल्या एमआयडीसीत व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला लागले. आमच्याकडे शुक्रवारी वीज बंद असायची, त्यामुळे सुट्टीही शुक्रवारी. दर शुक्रवारी मी ठाण्याला माहेरी यायचे आणि आईने दिलेला डबा घेऊन गॅरेजवर जायचे.

नव्वदचं दशक संपत आलेलं. रस्त्यावर नव्या गाड्या दिसायला लागलेल्या, आणि त्यांच्यात कार्बोरेटर नसायचा. बाबांचं काम आटत चाललं होतं. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण दुपारी बाकड्यावर पेपर वाचत बसलेले दिसायचे, आणि माझे बाबा पेपर वाचणारे गृहस्थ नव्हते. शेजारच्या मार्बलवाल्याला गोदामासाठी आमची शेड हवी होती. एका शुक्रवारी डबा उघडता उघडता बाबा म्हणाले, "दसऱ्याला सांगतंव बोललोय त्याला. द्यावाची जागा. अट्ठावन वर्सा झाली. बस झाला."

जणू जुना टायर देऊन टाकायचा आहे, अशा आवाजात म्हणाले. हा माणूस घरी बसला तर सहा महिन्यांत म्हातारा होईल, हे मला लख्ख दिसत होतं. पण मी काय करणार होते? गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

त्याच सुमारास चीफसाहेब आले. हे बाबांचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर होते, निवृत्त होऊन नौपाड्यात राहायचे. ऐंशीच्या दशकात परदेशातून कायमचे परत येताना त्यांनी एक गाडी जहाजातून आणली होती. हिरवट रंगाची, चार दारांची, जुन्या पद्धतीच्या इंजेक्शनची. बाबांनी तिला कधी हात लावला नव्हता. पण आता तिच्या इंजिनाने मान टाकली होती, आणि तीस वर्षं येणाऱ्या माणसाला नुसता चहा पाजून परत पाठवता येत नाही.

इंजिन बांधण्यात बाबा वाघच. मूळ मापाचे पिस्टन मिळेनात, तेव्हा त्यांनी सिलिंडर मोठे करून घेतले आणि दुसऱ्या गाडीचे मोठे पिस्टन बसवले. साहेबांना खंडाळ्याचा घाट डोळ्यांपुढे दिसत होता. ते म्हणाले, "आता उघडलंच आहे, तर थोडी ताकदही वाढवू या." मग बाबांनी इंजिनाचे हेड आणि कॅम हे भागही नव्याने घासून घेतले. महिनाभर खपले. इंजिन चालू झालं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आणि गाडी रस्त्यावर नेली तेव्हा तोही बघण्यासारखाच होता, वेगळ्या अर्थाने.

सपाट रस्त्याला गाडी बरी चालायची. चढ आला, पाय दाबला, की खोकायची. आतून टकटक आवाज यायचा. प्लग काढले तर चुन्यासारखे पांढरे. म्हणजे इंजिन मोठं झालं, त्याची भूक वाढली, पण पेट्रोल जुन्याच हिशोबाने मिळत होतं.

"कार्बोरेटर लावून टाकतंव," बाबा म्हणाले.

"ते मात्र नको," साहेब शांतपणे म्हणाले. "मूळची व्यवस्था उत्तम आहे. फक्त तिला नवं इंजिन समजावून सांगायला हवं. तुमची कन्या इलेक्ट्रॉनिक्सवाली ना?"

अशी मी त्यात ओढली गेले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच साहेबांना चिठ्ठी पाठवली होती.

साहेबांकडे गाडीचं जाडजूड पुस्तक होतं. मी ते डोंबिवलीला घेऊन गेले आणि दोन दिवस वाचलं. वाचल्यावर लक्षात आलं, की हे काही भूत नाही. हवेच्या नळीत एक ॲल्युमिनियमचा डबा असतो. त्यात एक झडप. इंजिन जितकी हवा ओढेल तितकी झडप उघडते. ती किती उघडली हे विजेवर मोजलं जातं, आणि त्या मापाने गाडीतला छोटा कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. झडपेला मागे ओढून धरायला घड्याळातल्यासारखी एक स्प्रिंग, आणि ती एका दातेरी चाकाला जोडलेली. चाक एक-दोन दात फिरवून स्प्रिंग सैल केली, की तेवढ्याच हवेत झडप जास्त उघडते. कॉम्प्युटरला वाटतं हवा जास्त आली, तो पेट्रोल जास्त सोडतो. थोडक्यात, त्याला गोड बोलून फसवायचं.

मला इतका आनंद झाला की शुक्रवारपर्यंत धीर धरवेना. सोमवारी दुपारी कारखान्यासमोरच्या बूथवरून फोन लावला. गॅरेजला फोन नव्हता, मार्बलवाल्याकडे होता. त्याने बाबांना हाक मारली. मागे दगड कापायच्या मशीनचा आवाज, पुढे हायवेचे ट्रक.

"बाबा, सापडलं!" मी ओरडले. "सैल करायचं! सैल केलं की पेट्रोल वाढतं!"

"सैल?"

"हो, सैल! थोडं थोडं!"

"बरा, बरा," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

काय सैल करायचं, ते मी म्हटलंच नाही.

चार दिवसांनी, शुक्रवारी गेले. नवरात्र संपत आलेलं, दसरा दोन दिवसांवर. नवरात्रात घरी मासळी बंद, त्यामुळे बाबा आधीच चिडलेले असायचे, पण त्या दिवशीचं तोंड त्याहून वाईट होतं. गाडी सुरू केली तर उभ्या उभ्याच थरथरत होती. आधी निदान सपाटीला चालायची, आता जागच्या जागी बंद पडायला बघत होती.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?"

"तू बोललीस ता केला. सैल कर बोललीस, सैल केला."

त्यांनी बोट दाखवलं. डब्याच्या बाहेरच्या बाजूला एक छोटा स्क्रू होता. उघड दिसणारा, फिरवता येणारा तो एकच. कार्बोरेटरला अगदी असाच स्क्रू असतो आणि तो सैल केला की पेट्रोल वाढतं. ठाण्यातला कुठलाही मेकॅनिक झोपेत सांगेल. बाबांनी सोमवारी एक फेरा सैल केला. गाडी बिघडली. पेट्रोल अजून कमी पडतंय असं समजून मंगळवारी आणखी एक. मग बुधवारी, गुरुवारी. जितकी बिघडली तितकं जास्त सैल.

"मी स्प्रिंगचं बोललेले! आतल्या स्प्रिंगचं!"

"फोनवर इस्प्रिंग कोन बोलला? सैल बोललीस."

"मग किती फेरे फिरवले, ते तरी मोजलेत?"

"मोजतंय कोन? मी कानानी करतंव."

इथे माझं डोकं फिरलं. चूक माझीही होती, आणि ते आतून कळत होतं म्हणूनच जास्त फिरलं असावं. मी म्हटलं, "बाबा, तुमचं हे कार्बोरेटरचं डोकं आहे ना, ते या गाडीला नाही चालणार."

बाबांनी फडक्याने हात पुसले. मग हळू म्हणाले, "म्हनून तं देतंव जागा."

आजही ते वाक्य आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तेव्हा मात्र माफी मागायचं सुचलं नाही. मी नुसतंच म्हटलं, "तो स्क्रू होता तिथे परत न्या." त्यावर बाबांचाही कोळी बाणा जागा झाला. "परत नेला तं पेट्रोल अजून कमी होल. बग, दाखवतंव तुना." आणि इंजिन चालू असतानाच त्यांनी स्क्रू आणखी एक फेरा सैल केला.

तो शेवटचा फेरा होता. स्क्रू निघून त्यांच्या हातात आला. इंजिन आचके द्यायला लागलं. बाबांनी सवयीने झटकन त्या भोकावर अंगठा दाबला. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडलं तर भडका उडेल, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. अंगठा दाबला तसं इंजिन थोडं सावरलं. बाबांनी अंगठा काढला, पुन्हा आचके. पुन्हा दाबला, पुन्हा सावरलं.

मग त्यांनी अंगठा डोळ्यांपुढे धरला. तो कोरडा होता. नाकाला लावून हुंगला. पेट्रोलचा वासही नव्हता.

"अगो," ते म्हणाले, "हितं पेट्रोल नाय. वारा हाय."

मी धावत जाऊन साहेबांचं पुस्तक उघडलं. स्क्रू त्यात होता. चित्रासकट होता. त्या पानावर 'आयडलिंग', म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं, असा मथळा होता, आणि आयडलिंग तर बाबांना येतंच असं धरून मी ते पान न वाचता उलटलेलं. झडपेला चुकवून थोडी हवा बाजूच्या वाटेने आत जाते, तिचा तो स्क्रू. सैल केला की त्या वाटेने जास्त हवा जाते, झडप कमी उघडते, आणि पेट्रोल वाढायच्या ऐवजी कमी होतं. कार्बोरेटरच्या बरोबर उलट. मी सैल म्हटलं ते खरं होतं आणि बाबांनी सैल केलं तेही प्रामाणिकपणे. फक्त सैल या शब्दाला त्या एकाच डब्यात दोन उलटे अर्थ होते.

मी घाबरत घाबरत बाबांना हे सांगितलं. वाटलं, आता हे पान आपल्या तोंडावर फेकणार. पण ते हसायला लागले. खाली बसून, गुडघ्यावर हात मारून हसले. "चार दिस मी तिला वारा पाजला गो! उपाशी ठेवली आन् वारा पाजला!" त्यांना हसताना बघून मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता मी म्हटलं, "बाबा, चुकले मी. मघाशी नको ते बोलले." त्यांनी नुसता हात हलवला.

स्क्रू परत बसवून त्यांनी तो पूर्ण आवळला. थरथर थांबली. बाबांनी डोळे मिटले, ऐकलं आणि मान डोलावली.

आता चढाचा खोकला राहिला होता. मी पर्समधून ब्लेड काढलं. डब्याचं झाकण कंपनीने चिकटवून बंद केलेलं होतं. सील तोडायचं म्हटल्यावर बाबांचा जीव वरखाली झाला, पण त्यांनी अडवलं नाही. उलट बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले. आत ती स्प्रिंग आणि दातेरी चाक. पहिली जागा चुकू नये म्हणून मी दातावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मग आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या देखत मी गाडीच्या एका भागाला हात लावला आणि चाक दोन दात सोडलं. बोटाने झडप ढकलून बघितली. कारखान्यातून आणून डब्याला जोडलेल्या मीटरचा काटा न अडखळता वर गेला.

"मना बगू," बाबा म्हणाले. त्यांनीही बोटाने झडप ढकलली, सोडली, परत ढकलली. बराच वेळ तेच. मग म्हणाले, "शिडासारखा हाय. दोर सैल सोडला की तेवढ्याच वाऱ्यात शीड जास्त फिरतंय. माजा बापूस करायचा." मी दोन दिवस पुस्तक वाचून जे समजून घेतलं, ते त्यांना एका बोटाने कळलं.

साहेबांना बोलावून घेतलं. ते गाडी चालवायला, बाबा पुढे, मी मागे. घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढाला गेलो. निम्म्या चढापर्यंत छान, मग खोकला. आधीपेक्षा कमी, पण होताच. कडेला थांबून बाबांनी गरम प्लग काढला. पांढरटच. मी आणखी एक दात सोडला. परत खाली, परत वर. टकटक गेली, खोकला चढाच्या टोकाशी एकदाच. प्लग अजून फिकट. मी चौथा दात सोडला. यापुढे स्प्रिंग सैल करायला जागा उरली नव्हती.

साहेबांनी खालूनच तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडीने तक्रार न करता चढ धरला. वाकणावर एक भरलेला ट्रक होता, साहेबांनी त्याला मागे टाकलं. बाबा पुढे वाकून, डोळे मिटून ऐकत होते. चढ संपला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग प्लग काढला, फुंकर मारली, आणि माझ्यापुढे धरला. बिस्किट. अगदी चहात बुडवायचं बिस्किट.

गॅरेजवर परतल्यावर एकच गोष्ट राहिली होती. स्प्रिंग चार दात सैल झाल्यामुळे उभ्या गाडीला आता पेट्रोल जास्त होत होतं, धुराला वास येत होता. मी पुस्तक उघडणार, तोवर बाबांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. "आता थोडा वारा," म्हणाले, आणि तोच स्क्रू अर्धा फेरा सैल केला. मग पाव फेरा मागे. इंजिन असं शांत झालं की साहेबांनी चालू आहे ना म्हणून बॉनेटवर हात ठेवून बघितला.

"उत्तम," ते म्हणाले. "पण मला सांगा, मधले चार दिवस नेमका दोष कशात होता?"

बाबांची उत्तरं मला पाठ होती. पेट्रोलमध्ये भेसळ, कॉइल वीक, मालकाची चालवायची पद्धत. स्वतःची चूक गिऱ्हाइकापुढे कबूल करणारा मेकॅनिक मी अजून पाहिला नव्हता, आणि घरात तर नाहीच नाही.

"माज्यात," बाबा म्हणाले. "स्क्रू उलटा फिरवत होतो साहेब. चार दिस. ही आली म्हनून कललं."

मी म्हटलं, "नाही हो, मीच फोनवर अर्धवट सांगितलेलं." साहेबांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "बोटीवर आम्ही यालाच टीम म्हणायचो." आणि गाडी घेऊन गेले. जाताना मागच्या सीटवरून एक पुठ्ठ्याचा खोका बाबांच्या हातात ठेवला. त्यात तसाच एक जुना डबा होता, भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीचा, कधीतरी लागेल म्हणून त्यांनी जपून ठेवलेला.

दसऱ्याला सकाळी मी गॅरेजवर गेले ती मुद्दामच. कुणी विचारलं असतं तर हत्यारांची पूजा बघायला आले असं सांगितलं असतं, पण मला मार्बलवाल्याला मिळणारं उत्तर ऐकायचं होतं. बाबांनी शुक्रवारी तो विषय काढला नव्हता, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. ते बाकड्यावर बसले होते. तो भंगारातला डबा मांडीवर, झाकण उघडलेलं, चष्मा नाकाच्या टोकावर.

मार्बलवाला आपट्याची पानं घेऊन आला. "सोनं घ्या काका. मग, काय ठरवलं? माणसं बोलावू का उद्या?"

बाबांनी सोनं घेतलं, कपाळाला लावलं, खिशात ठेवलं.

"नाय शेट. जागा नाय देत. मी अजून शिकतंव."

तो बिचारा बघतच राहिला. अट्ठावन्न वर्षांचा माणूस काय शिकतोय, हे त्याने विचारलं नाही. माझे डोळे भरून आले होते. बाबांनी बाकड्यावरचं फडकं बाजूला सरकवून मला जागा केली.

"बस हितं," ते म्हणाले. "परत दाखव. ह्या टायमाला तू सांग, हात मी लावतंव."

मी त्यांच्या शेजारी बसले, आणि पहिल्या दातापासून सांगायला लागले.